साठपर्यंत मोजलं होतं

भिलाईत, हुडकोच्या मार्केटात, वरच्या माळ्यावर, दाताचा एक दवाखाना आहे. तिथं मी नोकरी करते, अन् तिथं माझ्या एकटीच्या वाट्याचं काम फक्त एका मिनिटाचं. बाकी सगळी हमालीच. औजारं मशीनमध्ये वाफवा, थुंकायचं भांडं धुवा, फोन उचला, "मैडम अभी बिज़ी हैं" म्हणा. पण मॅडमनं किडका दात कोरला, कीड खरवडून काढली, पाणी मारून वाळवलं, की त्या आपला स्टूल मागं सरकवतात अन् मी पुढं होते. चिमट्यात तुरीच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा, जंतू मारायच्या औषधात बुडवलेला. तो त्या खड्ड्यात ठेवायचा अन् साठपर्यंत मोजायचं. एकसष्ट झाले तर चालते, एकोणसाठ नाही. मंग बोळा काढायचा, कोरड्या कापसानं टिपायचं, अन् मॅडम मसाला भरतात.

मॅडमचं म्हणणं असं, की खरकट्या डब्याले झाकण लावून ठेवलं तर आत काय होते ते कोणत्या बाईले सांगायले पाहिजे का? दाताचंही तसंच. वरून फिलिंग कितीही चमकू द्या, खाली जंतू राहिले तर ते आपलं काम करतातच. म्हणून बोळा. म्हणून साठ.

दिवसभर माझं तोंड हिंदीत चालते, पण मोजणं मराठीतच. मनातल्या मनात, ओठ न हलवता. त्या मिनिटात खुर्चीतला माणूस काही बोलू शकत नाही. आ वासून छताकडं पाहत राहते. कोणी हातातली पिशवी आवळून धरते, कोणाच्या डोळ्यातून पाणी येते, इथल्या लोखंडाच्या प्लांटमधले लोक भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहतात. मले काही वाटत नाही. खरं सांगते, मले लवकर काही वाटतच नाही. माय गेली तेव्हा तेरवी झाली अन् चौदाव्या दिवशी मी कामावर होती. शेजारच्या काकूनं ऐकवलं पण मले, "पोट्टी दगडाची हाय." असंन. दगड निदान कामावर वेळेवर जाते.

अकरा वर्षं झाली या मिनिटाले. ओळखीचे लोक चिडवतात, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हिचं तर बरोबर भरून राहिलं!" मी पण हसते. काय करता.

आमी मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबाच्या धानाच्या बांध्या कमी अन् पोरं जास्त, म्हणून बाबा एकोणिसाव्या वर्षी भिलाईले आले अन् काही वर्षांनी प्लांटमध्ये लागले. रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं काढली. मी मरोद्याले, प्लांटच्या क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झाली. बाबा रिटायर झाले तेव्हा कुरुदले दोन खोल्यांचं घर बांधलं, बहीण लग्न होऊन रायपूरले गेली, माय दोन वर्षांपहिले गेली. आता घरात बाबा अन् मी. माझं लग्न कावून झालं नाही हे विचारणारे लय आहेत, त्यायनं हे वाचू नये.

त्या एका मिनिटाची कोणी इज्जत केली असंन तर ती बाबानं. संध्याकाळी चहा घेताना विचारत, "आज किती बोळे?" मी म्हणे, पाच. "साठ-साठ?" मी म्हणे, साठ-साठ. "असं पाह्यजे. काम म्हणजे मोजून." मिलमध्ये लाल सळई किती वेळात कुठं पोचते हे त्यायचं पूर्ण आयुष्य मोजण्यात गेलं, म्हणून माझं काम त्यायले काम वाटे. दुसऱ्यायले मी नर्स पण वाटत नव्हती अन् कामवाली पण.

पण स्वतःचं दुखणं बाबानं कधी कोणाले सांगतलं नाही. दुखणं अंगावर काढायचं, ही आमच्या इकडच्या माणसांची सवय आहे, पण बाबाची सगळ्यांच्या वरची. एकदा पायावर गरम लोखंडाचा कपचा पडला होता. मोजा कातडीले चिकटला, तो मायनं कोमट पाण्यात भिजवून सोडवला, तेव्हा आमाले कळलं. त्या दिवशी पण बाबा सायकल चालवत घरी आले होते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा एकाच बाजूनं जेवू लागले. पोळी उजवीकडं. चिवडा खाणं बंद. मी पाहिलं, पण बोलली नाही. मंग सकाळी मोरीकडून वास येऊ लागला. गुडाखूचा. ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगते, तंबाखू अन् गुळाचा काळा गिळगिळीत लगदा असते, इकडं छत्तीसगडात माणसं काय अन् बाया काय, सकाळी उठून बोटानं दातावर घासतात. आधी जराशी गरगर येते, मंग तोंड बधिर. दुखत्या दातावर यापेक्षा सोपं औषध कुरुदच्या कोणत्याच दुकानात नाही. आमच्या दवाखान्यातले अर्धे लोक गुडाखूनं दुखणं दाबून दाबून शेवटी येतात. माय असती तर तिनं डबी नालीत फेकली असती. सत्तर वर्षाचा माणूस, अन् डबी कूलरच्या मागं लपवून ठेवून राहिला होता.

पंधरा-वीस दिवसांनी वास बंद झाला.

"दात कसा आहे?" मी विचारलं.

"बरा झाला."

"कोणता?"

"कोणताच नाही. मले काय झालं होतं?"

आता अकरा वर्षं मी भाजी नाही विकली. किडका दात आपल्या आपण बरा होत नाही, एवढं मले कळते. दुखून दुखून एकदम चूप बसला, तर बहुतेक आतली नस मेलेली असते. नस मेली म्हणून दुखत नाही, पण कीड तर चालूच आहे. वरून बाबाले शुगर. दोन दिवस मी भांडली, तिसऱ्या दिवशी जेवण वाढणं बंद करीन म्हणलं, तेव्हा बाबा स्कूटीवर मागं बसले.

मॅडमनं दाताचा एक्स-रे फोटो काढला. खाली डावीकडची दाढ, खड्डा खोल होता, पण मुळाशी फोटोत काही दिसत नव्हतं. मॅडमनं विचारलं, "दर्द होता था, अंकल?"

"नहीं मैडम. कभी नहीं."

मी हातात ट्रे घेऊन उभी होती. गुडाखूची डबी माझ्या डोळ्यासमोर होती. पण मॅडमसमोर बापाले खोटं पाडू? चार लोक बाहेर बाकावर बसलेले. मी ट्रे ठेवला अन् चूप राहिली. ही माझी पहिली चूप.

मंग मॅडमनं थंड्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ती साधी असते. कापसावर एक थंडगार फवारा मारायचा अन् तो कापूस दाताले लावायचा. नस जिवंत असली तर माणसाले झिणझिणी लागते. लागली की हात वर करायचा, थांबली की खाली. मॅडमनं बाबाले सगळं नीट समजावून सांगतलं. लगेच लागून लगेच थांबलं तर दात चांगला, आजच भरून टाकू. काहीच लागलं नाही तर नस गेली, मंग नसेचा इलाज, तीन-चार चकरा. समजावून सांगणं हीच चूक झाली, पण ते मॅडमले कसं माहीत असंन? पास होणारं उत्तर कोणतं हे त्यायनं प्लांटच्या माणसाले आधीच सांगून टाकलं होतं.

मॅडम कापूस लावतात तेव्हा मी गाल ओढून धरते, कापूस काढला की सोडते. पहिला चांगला दात झाला. बाबाचा हात वर, हात खाली. दुसरा चांगला दात. वर, खाली. मंग तो किडका. मी गाल जरा लवकर ओढला. मॅडमचा कापूस अजून दाताले लागलाच नव्हता, तोंडात वरच्या वर होता, अन् बाबाचा हात वर गेला.

मॅडम तोंडात पाहत होत्या, हाताकडं नाही. मी बाबाच्या डोळ्याकडं पाहिलं. ते माझ्या कोपराकडं पाहून राहिले होते.

मले लगेच कळलं. दुसऱ्या कोणाले कळलं नसतं, पण मले कळलं, कारण ती विद्या बाबाले मीच शिकवली होती.

मी दहा वर्षाची असंन. मिलच्या आवाजानं बाबाचे कान जाऊन राहिले होते. प्लांटमध्ये दर वर्ष-दोन वर्षांनी मेडिकल होई, त्यात कानाची तपासणी. काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावत, बाहेरचा माणूस मशीनचं बटन फिरवे, आवाज आला की आतल्यानं हात वर करायचा. नापास झालं की अनफिट. अनफिट म्हणजे मिल सुटली, आपली टोळी सुटली, स्टोअरमध्ये बसून चिठ्ठ्या फाडा. मरोद्यात अनफिट माणसाकडं लोक असे पाहत, की त्याच्या घरी कोणी वारलं. म्हणून एकानं दुसऱ्याले सांगतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले, की आवाज ऐकायची गरजच नाही. मशीनवाल्याचं कोपर पाहा. बटन फिरवलं की कोपर हलतेच. मशीनवाला बिचारा इमानदार होता, त्याले काय माहीत त्याचं कोपर काय सांगून राहिलं.

तर बाबा कानात कापूस कोंबून व्हरांड्यात स्टुलावर बसत, अन् मी खिडकीच्या आतून बंद पडलेल्या रेडिओचं बटन फिरवे. मी कोपर हलू नये म्हणून लय कोशिश करे, छातीशी दाबून धरे, तरी बाबाचा हात बरोबर वर. माय आतून ओरडे, "बापलेकीले काही काम नाही!" मंग मेडिकल होई, बाबा पास होत, अन् घरी येताना जिलेबी आणत. जिलेबीचा पुडा माझ्या हातात देत, मायच्या नाही. एवढी वर्षं ते असे पास होत गेले. रिटायर झाले तेव्हा त्यायले दाराची घंटी ऐकू येत नव्हती.

तर त्या दिवशी दवाखान्यात मॅडम म्हणल्या, "बढ़िया, नस ज़िंदा है. आज ही भर देते हैं."

तेव्हा बोलायले पाहिजे होतं. "मैडम, एक बार आँख बंद करके देखिए," एवढंच. मी बोलली नाही. ही दुसरी चूप, अन् हिच्यासाठी माझ्याकडं कोणतं चांगलं कारण नाही. बापाची इज्जत वगैरे मी मागून जोडलं. खरं हे आहे, की बाबा पास झाले म्हणून मले बरं वाटलं. चाळिशीची बाई मी, अन् जिलेबी मिळणार असल्यासारखं मनात काहीतरी हललं. मले त्याची लाज वाटते.

दात जिवंत म्हणून मॅडमनं सुई दिली. सुईनं तोंड बधिर झालं, म्हणजे आता बाबाले काही लागून राहिलं की नाही हे विचारायचीही सोय राहिली नाही. मॅडमनं कोरलं, धुतलं, वाळवलं अन् स्टूल मागं सरकवला. मी पुढं झाली. बोळा ठेवला. एक, दोन, तीन. बाबा आ वासून माझ्याकडं पाहत होते, मंग घड्याळाकडं, मंग परत माझ्याकडं. ओठाची डावी बाजू लोंबली होती. ते पूर्ण मिनिट माझं होतं. मॅडम हात पुसत होत्या, बाहेर कोणी बोलत नव्हतं, सांगायले साठ सेकंद होते. मी साठपर्यंत मोजलं. एकही कमी नाही. बोळा काढला, टिपलं, मॅडमनं मसाला भरला, निळी लाइट मारली. बाबानं आरशात पाहिलं अन् म्हणले, "एक नंबर."

चौथ्या दिवशी सकाळी बाबाचा डावा गाल अन् जबड्याखालची जागा सुजून एक झाली होती. अंग तापलेलं. तोंड दोन बोटांएवढंही उघडत नव्हतं.

"हे काय झालं, बाबा?"

"मच्छर चावला."

मच्छर चावला म्हणे! मी रिक्षा बोलावली अन् त्यायले मोठ्या दवाखान्यात नेलं. शुगर वर चढली होती. तिथल्या डॉक्टरनं जबड्याखाली चीर देऊन पू काढला, दाढ उपटली, सहा दिवस ठेवून घेतलं. म्हणले, अजून एक-दोन दिवस घरी काढले असते तर सूज गळ्यात उतरून श्वास बंद झाला असता. मी "हो" म्हणलं अन् खाली मेडिकल स्टोअरमधून इंजेक्शनं आणायले गेली. रांगेत उभी राहिली, चिठ्ठी दिली, पिशवी घेतली. रडणारे लोक रांगेत होते, मी त्यायच्यात नव्हती.

बाबा घरी आले. जखम भरली, पण खालचा ओठ अन् हनुवटीची डावी बाजू बधिरच राहिली. त्या जागेची नस दबली, डॉक्टर म्हणले, परत येईन तर सहा महिन्यात येईन, नाही तर नाही. चहा पिताना धार हनुवटीवरून बनियनवर पडे अन् बाबाले पत्ता नसे. मी पुसे. ते म्हणत, "काही सांडलं का?"

मी कामावर गेली तेव्हा मॅडमनं दार लावलं अन् मले समोर बसवलं. वाईट बाई नाही ती. रागावली नव्हती, घाबरली होती. तिनं पहिल्यापासून सगळं मोजलं. फोटो बरोबर होता. थंड्याच्या परीक्षेत दात जिवंत आला होता. कीड पूर्ण काढली होती, तिनं स्वतः पाहिलं होतं. मंग आत जंतू राहिले कुठून? जे तिच्या हातचं नव्हतं असं एकच काम उरत होतं.

"कॉटन... पूरा साठ गिना था?"

आता इथं दोन रस्ते होते. हो म्हणावं, तर परीक्षेवर बोट जाईन, अन् परीक्षेवरून बाबावर, अन् बाबावरून माझ्यावर. नाही म्हणावं, तर गोष्ट इथंच संपते. कोणाले सांगणार अन् कोणावर रागवणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"घर का पेशेंट था, मैडम," मी म्हणलं. "थोड़ा कम गिना होगा."

दुपारी खालच्या भांड्याच्या दुकानातून एक टायमर आला, कुकरच्या शिट्ट्या मोजायले बाया ठेवतात तसला. दुसऱ्या दिवसापासून बोळा मॅडम स्वतः ठेवू लागल्या. टायमर लावत, साठ झाले की टीं वाजे. मी ट्रे धरून उभी. एका मिनिटाचं काम होतं माझं, तेही गेलं. दिवसभर काम करून मी घरी जाई अन् रस्त्यात काय पाहिलं हे मले आठवत नसे. ओठ बाबाचा बधिर झाला होता, पण चालत मीच तशी होती.

दहा-बारा दिवस बाबानं काही विचारलं नाही. मंग एका संध्याकाळी, चहा घेता घेता, जुन्या सवयीनं विचारलं, "आज किती बोळे?"

"आता मी नाही ठेवत."

"कावून?"

मी सांगतलं. टायमर, भांड्याचं दुकान, सगळं. बाबानं कप खाली ठेवला.

"पण तू तं पूर्ण साठ मोजले. मी घड्याळ पाहून राहिलो होतो."

"मोजले."

"मंग कमी मोजले असं कायले सांगतलं?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. एवढ्या दिवसाचं सगळं एकदम आलं. "मंग काय सांगू? माझ्या बापाले थंड-गरम काही लागलं नाही अन् त्यायनं तरी हात वर केला, हे सांगू? मरता मरता वाचले तुमी! कायच्यासाठी? तिथं कोण तुमाले अनफिट करणार होतं? कोणती मिल सुटणार होती?"

बाबानं कप परत उचलून एक घोट घेतला. चहाची धार हनुवटीवर आली होती. त्यायनं हात नेला तो कोरड्या बाजूले, अन् तिकडंच पुसलं.

"तू कोपर हलवलं नं," ते म्हणले. "मले वाटलं, तुले पाह्यजे का मी पास व्हावं."

"मी गाल ओढत होती, बाबा! मी काही हलवलं नाही."

"हाव का," बाबा म्हणले. "मले तसं वाटलं."

मी भांडी घासायले उठून गेली. मी इशारा केला नव्हता, हे खरं. पण मले ते पास व्हायले पाहिजे होते, हेही खरंच होतं, अन् ते त्यायनं माझ्या तोंडावर वाचलं होतं. कान गेलेला माणूस बाकीचं लय नीट वाचते. मी नळ जोरात सोडला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाबा दवाखान्यात आले. एकटे. कुरुदवरून सायकलनं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, रिटायरमेंटच्या दिवशी घातला होता तो. दाराशी चप्पल काढली. बाकावर दोन बाया बसल्या होत्या. मॅडम आत या म्हणल्या तरी ते उंबऱ्यातच उभे राहिले, अन् ऐकू कमी येणारा माणूस बोलते तसे मोठ्यानं बोलले, सगळ्यायले ऐकू जाईन असं.

"मैडम, उस दिन मेरे को कुछ नहीं लगा था. ठंडा-वंडा कुछ नहीं. मैं इसका हाथ देखके हाथ उठाया. दर्द भी बहुत था पहले, गुडाखू घिसता था. झूठ बोला मैं. इसने साठ पूरा गिना है, मैं घड़ी देखा हूँ."

मी बाबाले कोणासमोर असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. बाकावरची एक बाई पदर तोंडाले लावून पाहत राहिली. मले वाटलं आता मॅडम त्यायच्यावर ओरडतील. मॅडम माझ्याकडं वळल्या.

"तुमको मालूम था?"

"हाँ, मैडम."

"बाद में पता चला?"

खोटं बोलायले जागा होती. मॅडमनंच करून दिली होती.

"नहीं. उसी टाइम."

मॅडमनं हातमोजे काढले, डब्यात टाकले. लय वेळ लावला त्याले. मंग हळू आवाजात म्हणल्या, "इससे तो अच्छा होता तुमने सच में कम गिना होता."

बरोबर होतं त्यायचं. मी मान खाली घातली. कमी मोजणं ही चूक असते, चूक कोणाच्याही हातून होते. मी तं सगळं पाहून, समजून, एक-एक आकडा बरोबर मोजून बापाच्या दातात तो पू बंद केला होता. ती गोष्ट पहिल्यांदा मले पूर्ण लागली, तिथं, मॅडमच्या टेबलाजवळ. मी टेबलाची कड धरली.

मॅडमनं बाबाले खुर्चीत बसवलं. "अंकल, आए हो तो होंठ दिखाओ." कापसाचं एक बारीक सूत काढलं, केसासारखं. त्यानं ओठाले नुसतं टेकवायचं अन् विचारायचं, लागलं का. मले म्हणल्या, "तुम पीछे जाओ." मी खुर्चीच्या मागं, भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"आँख बंद, अंकल," मॅडम त्यायच्या कानाशी मोठ्यानं म्हणल्या.

बाबानं डोळे बंद केले. दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे खाली.

"लगा?"

"नहीं."

"यहाँ?"

"नहीं."

"यहाँ?"

"नहीं, मैडम."

मॅडमच्या स्टुलाचा धक्का खुर्चीले लागत होता, बाही गालाले घासत होती, श्वास तोंडावर येत होता. दुसऱ्या कोणाले नसंन, पण मिलमध्ये एवढी वर्षं असंच पास होत आलेल्या माणसाले एवढ्यात अंदाज लावता आला असता. बाबानं लावला नाही. मॅडमनं हनुवटीले टेकवलं. नहीं. ओठाच्या कोपऱ्याले. नहीं. एकदा त्यायनं काहीच न टेकवता विचारलं, अन् बाबा जरा थांबून म्हणले, "मालूम नहीं."

डोळे बंदच होते त्यायचे. मॅडम कागदावर लिहायले वळल्या, तेव्हा बाबानं मान थोडी मागं केली अन् मले मराठीत विचारलं, हळू, घरात विचारतात तसं.

"बाई, फेल झालो नं मी?"

"हो, बाबा," मी त्यायच्या कानाशी वाकून म्हणलं. "फेल झाले."